सही परिचारिकेची, जबाबदारी कोणाची? : वाचकांचे प्रश्न

परिचर्येतील कायदेशीर व नैतिक जबाबदाऱ्या या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे वॉर्डात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची आहेत. काही विद्यार्थिनींची आणि रुग्णांच्या नातेवाइकांचीही आहेत. परिचर्येविषयीचे कायदे देशागणिक, आणि काही देशांत राज्यागणिकही वेगळे असल्यामुळे कलमांची चर्चा येथे टाळली असून, न्यायालये व नर्सिंग परिषदा ज्या तत्त्वांच्या आधारे निर्णय देतात त्या तत्त्वांवर भर दिला आहे. ज्यांचे प्रकरण चौकशीत किंवा न्यायालयात आहे त्यांनी मात्र वकिलाचाच सल्ला घ्यावा.

प्रश्न : रात्रपाळीत डॉक्टरांनी फोनवरून एका औषधाची मात्रा सांगितली. ती मला फारच जास्त वाटली, म्हणून मी पुन्हा विचारले, तेव्हा ‘मी सांगतो तेवढं द्या’ एवढेच उत्तर मिळाले. अशा वेळी औषध दिले आणि रुग्णाला अपाय झाला, तर जबाबदार आदेश देणारे की मी?

उत्तर : दोघेही, आणि डॉक्टर जबाबदार ठरले म्हणून आपल्या वाट्याची जबाबदारी कमी होत नाही. आदेश बरोबर होता का, हा डॉक्टरांपुरता प्रश्न झाला. आपल्याबाबत विचारले जाईल ते असे, की आपल्याइतके शिक्षण व अनुभव असलेल्या एखाद्या सावध परिचारिकेला त्या आदेशाविषयी शंका आली असती का, आणि आली असती तर तिने काय केले असते. इंग्लंडमधील १९५७ च्या बोलम खटल्यापासून व्यावसायिकाचे वर्तन त्याच्याच व्यवसायातील जबाबदार व्यक्तींच्या वर्तनाशी ताडून पाहण्याची पद्धत रूढ आहे. शंका आली होती हे आपण स्वतःच पत्रात लिहिले आहे. तेव्हा पुढे काय केले, एवढाच मुद्दा आता उरतो.

डॉक्टरांचा आदेश पाळणे म्हणजेच कर्तव्य, ही समजूत एके काळी व्यवसायाने लेखी मान्य केलेली होती. डेट्रॉइट येथे १८९३ साली तयार झालेल्या नाइटिंगेल प्रतिज्ञेत डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या १९५३ च्या पहिल्या आचारसंहितेतही डॉक्टरांचे आदेश समजून आणि निष्ठेने पाळावेत असे कलम होते, मात्र अनैतिक कृतीत सहभागी होण्यास नकार द्यावा हेही तेथेच सांगितले होते. पुढे १९७३ साली संहिता नव्याने लिहिताना, परिचारिकेची मुख्य जबाबदारी ज्यांना परिचर्येची गरज आहे त्या माणसांप्रती असते, असे स्पष्ट करण्यात आले आणि २०२१ च्या आवृत्तीतही ती भूमिका कायम आहे. कागदावर हा बदल होऊन पन्नास वर्षे उलटली. वॉर्डातल्या वागण्यात तो पुरता उतरला आहे असे मात्र आम्हाला वाटत नाही.

तो का उतरत नाही, याचे एक कारण १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सापडते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्यूटीवरच्या २२ परिचारिकांना एका अनोळखी ‘डॉक्टर’कडून फोन करवले आणि एका बनावट नावाच्या औषधाचे २० मिलिग्रॅम देण्यास सांगितले. दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम असे बाटलीवरच छापलेले होते. तरीही २२ पैकी २१ जणी ते औषध द्यायला निघाल्या, आणि त्यांना खोलीच्या वाटेवर थांबवण्यात आले. (बाटलीत निरुपद्रवी ग्लुकोज होते.) त्याआधी १२ परिचारिकांना हाच प्रसंग केवळ कागदावर दिला असता दहा जणींनी ‘आम्ही देणार नाही’ असे सांगितले होते. पुढे १९७७ साली असाच प्रयोग झाला, पण त्यात औषध ओळखीचे होते आणि सहकाऱ्यांशी बोलण्याची मोकळीक होती; त्या वेळी १८ पैकी १६ जणींनी औषध दिले नाही. धैर्य कमी-जास्त असण्यापेक्षा औषधाची माहिती आणि शेजारी विचारायला माणूस असणे या दोन गोष्टींनी फरक पडला, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

म्हणून शंका नुसती व्यक्त करू नये, ती आकड्यांत मांडावी. ‘सर, एवढी मात्रा द्यायची का?’ या प्रश्नाला ‘हो’ असे झटकन उत्तर मिळते. त्याऐवजी, ‘सर, पेशंटचं वजन ४२ किलो आहे, आजचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) वाढलेलं आहे, कालच्या मात्रेच्या ही चौपट होते, मी ऑर्डर परत वाचून दाखवते’ असे म्हटले की फोनवरच्या माणसाला विचार करावाच लागतो. झोपेतून उठलेल्या डॉक्टरांच्या तोंडून दशांश चिन्ह निसटणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तरीही आग्रह कायम राहिला, तर औषध न देता इन्चार्ज सिस्टर, औषधनिर्माता आणि ऑन-कॉल वरिष्ठ डॉक्टर यांना ताबडतोब कळवावे. किती वाजता काय आदेश मिळाला, आपण काय विचारले, काय उत्तर आले आणि कोणाला कळवले, हे केस पेपरवर कोणावरही ताशेरे न ओढता नोंदवावे. औषध थांबवले म्हणजे रुग्णाकडे पाहणे थांबवले असे होता कामा नये. त्याची नाडी, श्वास, रक्तदाब यांची तपासणी आणि बाकीचे उपचार सुरूच राहिले पाहिजेत, अन्यथा योग्य नकारही हलगर्जीपणात जमा होतो.

वरिष्ठांच्या डोक्यावरून जाणे हा उद्धटपणा ठरेल, अशी भीती पत्रात डोकावते. त्यासाठी इलिनॉय राज्यातील डार्लिंग खटला आठवावा. फुटबॉल खेळताना पाय मोडलेल्या १८ वर्षांच्या मुलाला १९६० साली प्लास्टर घातले गेले. पायाची बोटे सुजत गेली, काळी पडली, बधिर झाली, आणि अखेर पाय गुडघ्याखाली कापावा लागला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली रुग्णालयाला जबाबदार धरताना जी कारणे ग्राह्य मानली, त्यांपैकी एक असे होते, की रक्ताभिसरण बिघडल्याचे ओळखून ते रुग्णालय प्रशासनाच्या व डॉक्टरांच्या नजरेस आणू शकतील अशा प्रशिक्षित परिचारिका त्या खाटेजवळ पुरेशा नव्हत्या. उपचार करणारे डॉक्टर ऐकत नसतील तर त्यांच्या वर जाणे हा परिचर्येचाच भाग आहे.

प्रश्न : आमच्या वॉर्डात गर्दी इतकी असते, की नोंदी शिफ्ट संपताना एकदम लिहिल्या जातात. काही जणी औषधांची फेरी सुरू करण्यापूर्वीच चार्टवर सह्या करून ठेवतात. सगळ्याच असे करतात, मग यात कायद्याने काय बिघडते?

उत्तर : आधी सही करणे आणि उशिरा लिहिणे यांत फरक आहे. औषध देण्यापूर्वी केलेली सही ही खोटी नोंद असते, कारण न घडलेली गोष्ट घडली असे तिच्यात लिहिलेले असते. रुग्ण एक्स-रेला गेलेला असतो, त्याला उलटी होत असते, तो गोळी घ्यायला नकार देतो, किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध देण्यापूर्वी मोजलेली नाडी ६० च्या खाली निघते आणि गोळी थांबवावी लागते. चार्ट मात्र औषध पोटात गेल्याचे सांगत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्या चार्टवर विसंबून मात्रा वाढवतात. ‘सगळ्याच असे करतात’ हा बचावही टिकत नाही. बोलम खटल्यातील कसोटीला इंग्लंडच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने १९९७ च्या बोलिथो खटल्यात मुरड घातली, ती हीच : एखादी रीत व्यवसायात रुळलेली असली तरी ती तर्काला धरून नसेल तर न्यायालय ती बाजूला ठेवू शकते.

उशिरा लिहिणे हा त्या मानाने लहान दोष, पण उशिरा लिहिताना वेळ आणि घटना यांची गल्लत होते. चौकशीत सर्वाधिक खल होतो तो वेळेवर. ‘रात्रभर रुग्ण ठीक होता, शांत झोप लागली’ या ओळीचा चौकशीत कोणालाही उपयोग नाही. ती लिहिणाऱ्या सिस्टरला तर नाहीच. याउलट, ‘पहाटे २.१० : नाडी ११८, रक्तदाब ९०/६०, घाम, पोट ताठ, दुखत असल्याची तक्रार. २.१५ : ड्यूटीवरील डॉक्टरांना फोनवरून कळवले. २.३० : डॉक्टर आले, तपासले’ अशी नोंद असेल तर ती लिहिणारी सिस्टर दहा वर्षांनी साक्षीला उभी राहिली तरी तिला स्मरणशक्तीवर भिस्त ठेवावी लागणार नाही. येथे नोंदीत मत नाही, निदान नाही, जे दिसले, मोजले आणि केले तेवढेच आहे. ‘पेशंट त्रासदायक आहे’, ‘नातेवाईक भांडखोर’ असले शेरे लिहू नयेत. काय घडले ते लिहावे, आणि शक्य तेथे रुग्णाचे शब्द अवतरणचिन्हांत द्यावेत.

‘लिहिले नाही म्हणजे केले नाही’ हे वाक्य नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून ऐकवले जाते. काटेकोरपणे पाहिले तर कायदा असे म्हणत नाही, इतर पुराव्यानेही कृती सिद्ध करता येते. पण ती सिद्ध करण्याचा भार नोंद नसलेल्या माणसावर येऊन पडतो आणि तो पेलणे अवघड असते. चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ मारून, मूळ अक्षरे वाचता येतील अशी ठेवून, शेजारी सही, तारीख व वेळ घालावी. व्हाइटनर लावणे, पान फाडणे किंवा मागच्या तारखेची ओळ दोन ओळींच्या मध्ये बसवणे यातले काहीही केले, तर मूळ चूक क्षुल्लक असली तरी प्रकरण पुरावा बदलल्याचे होते. संगणकावरच्या नोंदींत तर कोणी, कोणत्या क्षणी, काय बदलले याचा माग आपोआप राहतो, आणि दुसऱ्याच्या पासवर्डने केलेली नोंद ज्याचा पासवर्ड त्याच्या नावे बसते. राहून गेलेली गोष्ट आठवली तर ‘उशिरा केलेली नोंद’ असे स्पष्ट लिहून ती चालू वेळेनिशी करावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

संक्षेपांचेही तसेच. इन्सुलिनच्या मात्रेपुढे युनिटसाठी लिहिलेले एकच इंग्रजी अक्षर शून्यासारखे दिसते आणि १० युनिटचे १०० होतात; १.० मिलिग्रॅममधला ठिपका पुसट झाला की १० मिलिग्रॅम होतात. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २००४ साली जे संक्षेप टाळण्यास सांगितले त्यांत हे दोन्ही होते. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायला लागणारा वेळ कोणत्याही वॉर्डाला परवडण्यासारखा आहे.

प्रश्न : शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही घेण्याचे काम आमच्याकडे परिचारिकांवर सोपवलेले असते. परवा एका रुग्णाने सही करता करता विचारले, ‘सिस्टर, नक्की काय काढणार आहेत?’ मी काय करायला हवे होते?

उत्तर : कागद बाजूला ठेवून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना बोलवायला हवे होते, आणि रुग्णाला माहिती नसल्याचे आपण त्यांना कळवले याची नोंदही करायला हवी होती. ज्याला काय काढणार हेच ठाऊक नाही त्याने कागदावर केलेली सही संमती ठरत नाही. उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके आणि इतर पर्याय समजावून सांगणे हे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे. साक्षीदार म्हणून सही करणारी परिचारिका फार तर एवढेच सांगत असते, की या व्यक्तीने माझ्यासमोर, शुद्धीवर असताना, कोणाच्या दडपणाखाली न येता सही केली. आपण चांगल्या हेतूने शस्त्रक्रिया समजावून सांगायला गेलात आणि एखादा धोका सांगायचा राहिला, तर त्या त्रुटीत आपणही ओढल्या जाता.

प्रौढ आणि सारासार विचार करू शकणाऱ्या माणसाला आपल्या शरीराचे काय करायचे ते ठरवण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९१४ सालीच मांडले होते. अलीकडे २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी प्रकरणात त्याला धार दिली. मधुमेह असलेल्या त्या गर्भवतीला, प्रसूतीच्या वेळी बाळाचा खांदा अडकण्याचा नऊ ते दहा टक्के धोका असल्याचे सांगितलेच गेले नव्हते. कोणता धोका सांगण्याजोगा, हे त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला काय महत्त्वाचे वाटेल यावरून ठरवायचे, असे न्यायालयाने म्हटले.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. इंजेक्शन, कॅथेटर, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), स्पंजिंग या परिचर्येच्या कृतींनाही संमती लागते, आणि ती घेणे आपलेच काम आहे. ती लेखी नसते. काय करणार ते सांगून, रुग्णाने हात पुढे केला किंवा मान डोलावली की पुरते. पण ‘नको’ म्हणणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या रुग्णाचा हात धरून दिलेले इंजेक्शन हा अनेक देशांच्या कायद्यात हल्ला ठरतो, मग औषध कितीही गरजेचे असो.

प्रश्न : माझ्या हातून एका रुग्णाला शेजारच्या रुग्णाचे अँटिबायोटिक दिले गेले. त्याला काही झाले नाही. वरिष्ठांनी ‘जाऊ दे, पुन्हा करू नकोस’ म्हणून विषय संपवला. मला मात्र चैन पडत नाही. सांगावे का?

उत्तर : सांगावे, आणि त्याच दिवशी सांगायला हवे होते. त्या रुग्णाला त्या औषधाची अ‍ॅलर्जी असती तर काय झाले असते, याचा विचार करून आपल्याला चैन पडत नसावे, असा आमचा कयास आहे. पण दुसरीही एक बाजू आहे. शेजारच्या रुग्णाची मात्रा त्या वेळी चुकली होती का? ती कधी दिली गेली, आणि चार्टवर काय लिहिले गेले? एका चुकीला बहुधा दोन रुग्ण जोडलेले असतात.

क्रम असा असावा : आधी रुग्णाची तपासणी, मग डॉक्टरांना कळवणे, केस पेपरवर वस्तुस्थितीची नोंद, रुग्णाला सांगणे, आणि त्यानंतर इन्सिडंट रिपोर्ट, म्हणजे घटनेचा लेखी अहवाल. रुग्णाला सांगण्याचे काम बहुधा डॉक्टर आणि इन्चार्ज यांनी मिळून करावे, पण ते झाले की नाही हे पाहण्याची जबाबदारी आपण सोडू नये. इंग्लंडमध्ये २०१४ पासून गंभीर अपाय झाल्यास रुग्णाला खरे सांगणे हे आरोग्यसंस्थांवर कायद्यानेच बंधनकारक आहे. जेथे असा कायदा नाही तेथेही आचारसंहिता हेच सांगते.

चूक कबूल केली तर तुरुंगात जावे लागेल का, हा पत्रात न लिहिलेला प्रश्नही आम्हाला दिसतो. प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर, सहसा नाही, पण कधीच नाही असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात २०१७ च्या डिसेंबरमध्ये एका परिचारिकेने मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाऐवजी व्हेक्युरोनियम हे स्नायू लुळे पाडणारे औषध दिले आणि रुग्ण महिला दगावली. परिचारिकेने चूक तत्काळ मान्य केली होती. तरीही २०२२ साली तिला गुन्हेगारी स्वरूपाच्या हलगर्जीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी धरून तीन वर्षांची परिवीक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची शिक्षा) देण्यात आली, तिचा परवाना त्याआधीच रद्द झाला होता. औषधांच्या स्वयंचलित कपाटाची अटकाव करणारी व्यवस्था तिने ओलांडली, बाटलीवरचा इशारा वाचला नाही, एरवी द्रवरूपात येणारे औषध पावडरीच्या रूपात पाहूनही ती थांबली नाही, असे मुद्दे मांडले गेले. या निकालावर परिचारिकांच्या संघटनांनी तीव्र नाराजी व्यक्त केली, आणि ती आम्हाला रास्त वाटते; कारण कबुलीची किंमत एवढी असेल तर चुका लपवल्या जातील आणि त्याच चुका दुसऱ्या वॉर्डात पुन्हा होतील. मात्र नजरचूक आणि समोरचे चार इशारे ओलांडून जाणे यांत कायदा फरक करतो, तेवढे लक्षात ठेवावे. आपले प्रकरण नजरचुकीचे आहे. ते लपवल्याने मात्र त्याचे स्वरूप बदलेल.

प्रश्न : माझ्या वडिलांना कर्करोग आहे हे त्यांना सांगू नका, असे आम्ही भावंडांनी रुग्णालयात सर्वांना बजावले होते. तरी एका सिस्टरने त्यांना सांगितले. तिच्याविरुद्ध तक्रार करता येईल का?

उत्तर : तक्रार करता येईल, पण आपल्याला वाटते त्या मुद्द्यावर ती टिकणार नाही. आजाराची माहिती सर्वप्रथम रुग्णाची असते. वडील शुद्धीवर असून स्वतःचा निर्णय घेऊ शकत असतील, तर ती त्यांच्यापासून लपवण्याचा अधिकार मुलांना नाही. काटेकोरपणे पाहता, वडिलांच्या परवानगीशिवाय ती मुलांना सांगणेच गोपनीयतेच्या नियमात बसत नाही. कुटुंब प्रेमापोटी असे करते, हे आम्ही जाणतो. परंतु अशा घरांत बहुतेक वेळा रुग्णाला बरेच काही कळलेले असते आणि तोही मुलांसाठी न कळल्याचे सोंग करत असतो.

सिस्टरच्या वागण्यात तपासण्याजोगा मुद्दा वेगळा आहे. निदान पहिल्यांदा सांगण्याचे काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे, पुढच्या प्रश्नांना उत्तर देता येईल अशा तयारीने करण्याचे असते. वडिलांनी तिला ‘मला कॅन्सर आहे का?’ असे थेट विचारले असेल, तर ‘नाही’ असे खोटे सांगण्यास ती बांधील नव्हती. ‘तुम्हाला असं का वाटतं?’ असे विचारून त्यांचे ऐकून घेणे आणि त्यांना स्पष्ट माहिती हवी आहे हे डॉक्टरांना त्याच दिवशी कळवणे, ही योग्य वाट होती. तिने जाता जाता, घाईत सांगून टाकले असेल, तर ते चुकलेच. आपल्या वडिलांना ते सांगताना तिने खुर्ची ओढून घेतली होती का, हे एकदा त्यांनाच विचारून पाहावे आणि मग तक्रारीचे ठरवावे.

प्रश्न : अपघाताच्या बेशुद्ध रुग्णाचे रक्त काढून द्या, असा आग्रह पोलीस करतात. नाही म्हणता येते का?

उत्तर : कायद्याने मागणीला आधार दिला आहे का, हे विचारता येते आणि विचारलेच पाहिजे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे २०१७ च्या जुलैमध्ये अगदी असाच प्रसंग घडला. परिचारिकेने रुग्णालयाचे धोरण वाचून दाखवले : न्यायालयाचे वॉरंट, रुग्णाची संमती किंवा त्याला झालेली अटक, यांपैकी काहीतरी लागेल. तिला बेड्या घालून बाहेर नेण्यात आले. पुढे तिच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, पोलिसाची नोकरी गेली आणि तिला पाच लाख डॉलरची भरपाई मिळाली. तिचा विशेष असा, की तिने स्वतःच्या मताचा आधार न घेता लेखी धोरणाचा घेतला आणि वरिष्ठांना फोनवर जोडून ठेवले. आपल्या देशाच्या कायद्यात पोलिसांना काही प्रसंगी असा अधिकार असू शकतो. म्हणून आपल्या रुग्णालयाचे धोरण आजच, घाई नसताना वाचून ठेवावे. वॉर्डात काढलेला, रुग्ण ओळखू येईल असा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावा का, असेही एका वाचकाने विचारले आहे. टाकू नये, चेहरा झाकला तरी खाट, तारीख आणि जखम यांवरून माणूस ओळखला जातो.

प्रश्न : मी परिचारक आहे. रात्री चाळीस रुग्णांमागे मी एकटा असतो. काही बिघडले तर ‘मनुष्यबळ नव्हते’ हा बचाव चालेल का?

उत्तर : काही अंशी चालेल, पण तो त्या रात्री लेखी मांडलेला असेल तरच. पुरेसे कर्मचारी देणे ही संस्थेची जबाबदारी आहे, आणि ती केवळ सोयीची बाब नाही. लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखवले, की प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाची ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदा करून २००४ पासून वॉर्डनिहाय प्रमाण ठरवून दिले. तेथे अतिदक्षता विभागात एका परिचारिकेमागे दोनपेक्षा जास्त रुग्ण ठेवता येत नाहीत.

शिफ्ट सुरू होतानाच रुग्णसंख्या, त्यांपैकी गंभीर किती आणि आपण किती जण, हे लिहून मेट्रन किंवा प्रशासनाला पाठवावे आणि प्रत स्वतःजवळ ठेवावी. त्यानंतर कामाचा अग्रक्रम लावावा. चाळीसही जणांचे सर्व काही वेळेवर होणार नाही, हे न्यायालयालाही कळते. पण श्वास लागलेल्या रुग्णाला सोडून आपण चादरी बदलत बसला होता असे दिसता कामा नये. रागाच्या भरात ड्यूटी सोडून जाणे हा पर्याय नाही. एकदा ओव्हर (रुग्णांचा ताबा) घेतल्यावर, दुसऱ्याच्या हाती सोपवल्याशिवाय गेलात, तर संस्थेचा दोष झाकला जाऊन सगळा रोख आपल्यावर येईल.

प्रश्न : विद्यार्थिनीकडून चूक झाली तर तिला ‘शिकाऊ’ म्हणून सवलत मिळते का?

उत्तर : फारशी नाही. रुग्णाला मिळणारी परिचर्या शिकाऊ दर्जाची असून चालत नाही, म्हणून मोजमाप कामाच्या पदाचे लावतात. १९८० च्या दशकात इंग्लंडमधील विल्शर प्रकरणात अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या नाळेत नळी चुकीच्या रक्तवाहिनीत गेली. कनिष्ठ डॉक्टरने वरिष्ठाला तपासायला सांगितले होते, म्हणून अपील न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले आणि वरिष्ठाला दोषी धरले. ‘मला हे येत नाही, दाखवता का?’ एवढे विचारणे विद्यार्थिनीला वाचवते, आणि विचारल्यावर ‘कर गं, सोपं आहे’ म्हणून निघून जाणाऱ्या सिस्टरला अडचणीत आणते.

प्रश्न : एका ज्येष्ठ सहकारी सिस्टरविषयी संशय आहे. तिच्या ड्यूटीत मॉर्फिन (व्यसन लावू शकणारे वेदनाशामक) दिल्याची नोंद असते, पण तिचे रुग्ण वेदनेने तळमळत असतात. ती मला पुष्कळ मदत करते. मी काय करू?

उत्तर : संशय कोणाजवळही बोलून दाखवू नये, वॉर्डात कुजबुज सुरू झाली की निरपराध असली तरी ती सिस्टर संपते, आणि अपराधी असली तर सावध होते. नोंदी मात्र पाहाव्यात. मॉर्फिनच्या रजिस्टरमधील वेळ, चार्टवरची वेळ, त्यानंतरचा वेदनेचा व श्वसनाचा आकडा, आणि उरलेले औषध टाकून दिल्याच्या सह्या यांचा मेळ बसतो का, हे दिसेल. न बसणाऱ्या तीन-चार नोंदी तारीख-वेळेसह लिहून मेट्रनला द्याव्यात आणि ‘मला याचा खुलासा होत नाही’ एवढेच म्हणावे. आरोप करणे आपले काम नाही, चौकशी करणे संस्थेचे काम आहे. संस्थेने दुर्लक्ष केले तर नर्सिंग परिषदेकडे जाण्याचा मार्ग आहे. ऑस्ट्रेलियातील बंडाबर्ग येथे टोनी हॉफमन या अतिदक्षता विभागाच्या परिचारिकेने एका शल्यचिकित्सकाविषयी वारंवार तक्रारी केल्या. रुग्णालयाने लक्ष दिले नाही तेव्हा २००५ साली त्यांनी लोकप्रतिनिधीला गाठले, आणि मगच चौकशी झाली. मधल्या काळात त्यांना सहकाऱ्यांचा रोष सोसावा लागला. तो आपल्यालाही सोसावा लागू शकतो, हे सांगितलेले बरे.

आपल्या सहकारी सिस्टरला व्यसन लागले असेल, तर तिला उपचारांची गरज आहे. काही देशांच्या नर्सिंग परिषदा अशांसाठी परवाना कायम ठेवून देखरेखीखाली उपचारांची सोय करतात, म्हणून कळवणे हे तिच्याशी वैर नव्हे. रात्रीत औषधाविना तळमळणाऱ्या रुग्णाला मात्र दुसरे कोणीच नाही. आणि तोपर्यंत एक पथ्य पाळावे : उरलेले मॉर्फिन आपल्या डोळ्यांदेखत टाकून दिलेले नसेल, तर रजिस्टरवर दुसरी सही, तिने कितीही आपलेपणाने मागितली तरी, करू नये.